आबांचा मेन स्विच

नव्वदच्या दशकात पळसदेवच्या घरी मी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि वडिलांशी, म्हणजे आबांशी, माझं रोजचं भांडण सुरू झालं. लाइट जरा लुकलुकली की आबा उठून थेट घराचा मेन स्विच खाली ओढायचे. स्क्रीन काळी व्हायची, माझं टायपिंग जायचं. पुन्हा चालू केलं की कॉम्प्युटर आपली डिस्क तपासत बसायचा आणि बहुतेक वेळा धडधाकट उठायचा. त्यामुळे आबांना वाटायचं, मी उगाच कांगावा करतोय.

एकदा तो उठलाच नाही. बारामतीहून आलेला मेकॅनिक म्हणाला, डिस्कवर काही लिहिलं जात असतानाच वीज गेली, म्हणून डिस्क गेली. माझं डोकंच फिरलं. त्याच्यासमोरच मी ओरडलो, "आबा, असं मधेच बंद केलं की मरतं ते!"

माझा थोरला भाऊ मी लहान असतानाच शेतातल्या मोटरीचा शॉक लागून गेला होता. आबा त्याच्याबद्दल कधीच बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"मशीनच हाय ते. तुझा भाऊ तारेला चिकटला, तवा आमी सगळी त्याच्याकडं पळालो. खटका पाडायला कुणीच गेलं न्हाय."