चांद्याच्या नाकावरचं कुंकू

गोधडीत गुंडाळलेली भली मोठी फळी पाहून कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, हे मागं डिकीत टाका."

"मले टाक डिकीत," भगवंतराव म्हणाले. "हे माह्या मांडीवरच राहीन."

अकोल्याला सुरू झालेलं हे भांडण मूर्तिजापूरपर्यंत चाललं. शेवटी कंडक्टर दमला. सत्तरी ओलांडलेला वऱ्हाडी माणूस एकदा अडून बसला की त्याला हलवणं कोणाच्या बापाला जमत नाही, आणि यांच्या मांडीवर तर अख्खी बैलजोडी होती.

गोधडीच्या आत होते हिऱ्या आणि चांद्या. रंगवणारे अब्दुल गफ्फार. एरवी ते अकोल्याला जठारपेठेत दुकानांच्या पाट्या रंगवत. पण पोळा आला की सायकलला रंगाचे डबे बांधून दर्यापूरकडच्या गावांत बैलांची शिंगं रंगवायला फिरत. भगवंतराव तेव्हा ऐन तरणे होते आणि आशाबाई नव्यानेच लग्न होऊन आलेल्या. त्या वर्षी पोळ्यालाच नदीला पूर आला, रस्ता तुटला आणि गफ्फारभाई भगवंतरावांच्या ओसरीवर अडकून पडले. या माणसाला रिकामं बसणं म्हणजे शिक्षा. त्यांनी गोठ्याच्या दाराची निखळलेली फळी घासून साफ केली आणि शिंगांच्या उरलेल्या रंगानेच तिच्यावर भगवंतरावांची बैलजोडी उभी केली. निळी शिंगं, लाल झुली, आणि चांद्याची ती तिरपी, खोडकर नजर. पाणी ओसरल्यावर ते निघाले, तर फळी तिथेच.

"बैल तुमारे, फळी तुमारी," ते म्हणाले, "मैं क्या ले जाऊँ?"

पुढे हिऱ्या-चांद्या म्हातारे होऊन गोठ्यातच गेले. नंतरच्या जोड्या आल्या, गेल्या, आणि एक दिवस दारात ट्रॅक्टर उभा राहिला. सगळं गाव पाहायला आलं, आशाबाईंनी मात्र नाक मुरडलं.

"आता पोयाले काय ट्रॅक्टरले पुरण चारू?"

मग त्यांनी पोळ्याला चित्रच पुजायला घेतलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात आणि जेवायचं निमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आशाबाई फळीच्या कडेला तूप-हळद लावत आणि अगदी तसंच म्हणत. दुसऱ्या दिवशी कुंकू. आता बाई चणीने लहान आणि चित्र टांगलेलं दाराच्या वर. पाटावर पाट ठेवून, टाचा उचलून त्या हात लांब करत. अलीकडच्या हिऱ्याला कुंकू बरोबर कपाळावर लागे, पलीकडच्या चांद्याला मात्र थेट नाकावर. दर वर्षी तिथेच.

"अवं, चांद्या शेंबडा दिसून राहिला!"

"दिसू द्या. तुमच्याहून तं देखणाच हाय."

खिळा हातभर खाली ठोकायला कितीसा वेळ लागला असता? भगवंतरावांच्या ते लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण मग पोळ्याच्या दिवशी बायकोला चिडवायचं कशावरून, म्हणून तो खिळा जन्मभर होता तिथेच राहिला.

आशाबाई गेल्या आणि मुलगा अमोल त्यांना अकोल्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. त्यानंतर पोळ्याला भगवंतराव चित्राला नुसत्या अक्षता वाहत, कुंकवाला बोट लावत नसत. फ्लॅटमध्ये भिंती चार, त्यांतल्या दोन खिडक्यांनी खाल्लेल्या. सून पौर्णिमा भली होती, टीव्ही हलवायलाही तयार झाली. पण "लेकराच्या घरात मी कावून पसारा करू" म्हणत भगवंतरावांनीच चित्र बाल्कनीत ठेवलं. आणि अकोल्याचं ऊन तर तुम्हाला ठाऊकच आहे, ते दगडालाही सोडत नाही.

एका सकाळी त्यांना चित्राखालच्या फरशीवर चिमूटभर लाल पूड दिसली. आधी काही कळेना. मग कळलं. चांद्याच्या नाकावरचं कुंकू सुटायला लागलं होतं. आशा आता दुसऱ्यांदा चालली, असं त्यांना वाटलं. त्यांनी ती पूड बोटाने टिपली आणि काय करावं न सुचून आपल्याच कपाळाला लावली.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. अमरावतीला वऱ्हाडातल्या चित्रकारांचं दालन उभं राहत होतं, आणि ज्यांच्या घरी चित्रं असतील त्यांनी ती द्यावीत, तिथे ती ऊन-पाण्यापासून जपली जातील, असं त्यात लिहिलं होतं. बाकी मजकूर भगवंतरावांनी वाचला नाही. ऊन लागणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

दालनात विकत आणलेलं एकही चित्र नव्हतं. परतवाड्याच्या एका लाकूड व्यापाऱ्याने मेळघाटातल्या सागाचं चित्र दिलेलं. कोणी आजीचं तैलचित्र दिलेलं, कोणी वडिलांनी पेन्सिलीने काढलेला कापसाचा बाजार. घराघरांत पलंगाखाली, माळ्यावर पडलेला वऱ्हाड एकेका भिंतीवर गोळा होत होता. हे सगळं सांभाळणारी मुलगी तिशीच्या आतली. तिने गोधडी सोडली, कोपऱ्यातली सही पाहिली आणि खालीच बसली.

"आजोबा, हे माझे नाना. माझ्या आईचे वडील," ती म्हणाली. तिचं नाव मिस्बाह. "आमच्या घरी त्यांचं एकही चित्र नाही. सगळी वाटून टाकली त्यांनी. मी आज पहिल्यांदा त्यांचा हात पाहते आहे."

बराच वेळ ती पाहत राहिली. मग कापसाचा बोळा घेऊन म्हणाली, "या पलीकडच्या बैलाच्या तोंडावर हे लाल काय साचलंय? काळजी नका करू, हळूच निघेल. खालचं नानांचं काम पुन्हा दिसेल."

"हात नोको लावू!"

भगवंतराव एवढ्या जोरात ओरडले की दारातला रखवालदार धावत आला. ते चित्र पुन्हा गोधडीत गुंडाळायला लागले, पण घाईत गाठ बसेना. मिस्बाहने त्यांना पाणी दिलं. मग ते बोलले. पाटावरचा पाट, उचललेल्या टाचा, खिळा, फरशीवरची पूड, सगळं.

"तुहं बी बरोबर हाय, पोरी," शेवटी ते म्हणाले. "चित्र तुह्या नानाचं. पण माह्यापाशी तिचं बोट एवढंच उरलं."

मिस्बाहच्या हातात बोळा तसाच होता. तिने विचारलं, "नानांनी हे कुंकू पाहिलं होतं?"

"पाहिलं नं. शिंगं रंगवाले बैल नव्हते, तरी एका पोयाले भेटाले म्हणून आले. आशा लाजली, पदरानं पुसाले गेली. तं म्हणे, 'भाभी, पोंछो मत. मेरे बैल को पहली बार किसी ने जिंदा समझा.'"

मिस्बाहला रडू आलं. तिने बोळा टेबलावर ठेवला. "मग मी पुसणारी कोण?" ती म्हणाली. "काचेच्या आत ठेवीन. पण आजोबा, मग तुम्हालाही हात लावता येणार नाही."

भगवंतरावांनी मान डोलावली. परतताना बस भरली होती, तरी मांडी रिकामी रिकामी लागत होती.

दालन उघडलं आणि काही दिवसांत पोळा आला. आदल्या दिवशी भगवंतराव एकटेच अमरावतीला गेले. हिऱ्या-चांद्या काचेमागे उभे होते, बरोबर डोळ्यांसमोर. आशाबाईंनासुद्धा पाट लागला नसता इतके खाली. शेजारी छोटी पाटी होती. भगवंतरावांनी चष्मा पुसून ती वाचली.

"बैलजोडी. रंग: अब्दुल गफ्फार. कुंकू: आशाबाई."

जन्मभर शेत, गोठा, सातबारा सगळ्यावर भगवंतरावांचंच नाव होतं. आशाबाईंचं नाव भिंतीवर लिहिलेलं ते पहिल्यांदाच पाहत होते. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते पाटीजवळ वाकले.

"आशा," ते म्हणाले, "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."