खोडबाईंनी भरलेला सहावा रकाना

छापखान्यात त्यांना सगळे खोडबाई म्हणत. बावीस वर्षं त्या मुद्रितं तपासत होत्या आणि एक वेलांटीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मंदीच्या दुसऱ्या वर्षी मालकाने यंत्रांवर ताडपत्र्या टाकल्या आणि दाराला कुलूप लावलं. त्यांचा नवरा तिथेच छपाईचे खिळे जुळवायला होता. त्यामुळे घरातली दोन्ही माणसं एकाच दिवशी रिकामी झाली.

पुढे सरकारने मदतीची नवी खाती उघडली. धडधाकट माणसांना रस्त्यासाठी खडी फोडायचं काम आणि त्याबदल्यात धान्याचं कार्ड. लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी संस्कृती विभाग. कामावर, रांगेत, घरात लोक जी गाणी म्हणतात ती जशीच्या तशी उतरवून आणायची.

"पोटात कावळे ओरडतायत आणि सरकारला गाणी हवीत!" त्या म्हणाल्या.

"कावळ्यांचं ओरडणं लिहा म्हणाले तरी लिही," नवरा म्हणाला. "पण नाही म्हणू नकोस."

त्यांनी काम घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही. प्रत्येक गाण्यासाठी एक छापील कागद असे. वर गाण्याचे बोल, खाली सहा रकाने : गाणाऱ्याचं नाव, पत्ता, काम, गाणं कुठे ऐकलं, कोणाकडून शिकला, आणि सहावा, त्या वेळी कोण कोण हजर होतं. बाकीचे लोक दोन रकाने भरून मोकळे होत. खोडबाईंना मोकळी जागा बघवत नसे. त्या सगळे भरत.

शेजारच्या खोलीत एक गवंडी राहायचा. इमारती बांधणं थांबलं तसा तोही खडीवर जाऊ लागला होता. एका रविवारी जिन्यात पाच-सात जण बसले असताना त्याने मांडीवर ताल धरला.

"खडी फोडू, खडी घालू, रस्ता जातो कुठे?
साहेबाच्या दारापाशी जाऊन वाट तुटे."

सगळ्यांनी दुसरी ओळ उचलली. जिना दणाणला. "वहिनी, हे लिहा, सरकारला आवडेल!" गवंडी म्हणाला आणि हशा पिकला. खोडबाईंनी लिहिलं. अगदी नीट.

नवव्या दिवशी गवंड्याचं कार्ड रद्द झालं. धान्याच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, यादीत नावच नाही. त्याच आठवड्यात, धुण्याच्या घाटावरच्या ज्या म्हातारीचं गाणं त्यांनी उतरवलं होतं, तिचंही तसंच झालं. खोडबाईंना वाटलं, सरकारी कारभार आहे, घोळ व्हायचाच. मग एका सकाळी गवंडी चौकशी करायला म्हणून कचेरीत गेला आणि परत आला नाही.

दोन दिवसांनी त्या कागद जमा करायला संस्कृती विभागात गेल्या. विभागाचे साहेब जागेवर नव्हते, म्हणून शिपायाने त्यांना आतल्या खोलीत बसवलं. ती खोली धान्याच्या याद्यांची. टेबलावर एक कागद पडला होता. अक्षर ओळखायला त्यांना वाकावंही लागलं नाही. ते त्यांचंच होतं, आणि गाणं गवंड्याचं. सहाव्या रकान्यातल्या प्रत्येक नावापुढे लाल खूण होती.

साहेब आत आले. फार मऊ बोलणारा माणूस.

"साहेब, हा कागद इथे कसा?"

"गाणी जपायची तर गाणाऱ्यांकडे लक्ष नको का ठेवायला, बाई?"

"गवंडी कुठे आहेत?"

"ते खातं वेगळं." त्यांनी कागद उलटा ठेवला. "तुमचं काम मात्र चोख हं. बाकीच्यांना सांगतो मी, बाईंसारखं लिहा."

त्या घरी आल्या तेव्हा नवरा दाढी करत होता. त्यांनी सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला.

"त्या रविवारी मीही गात होतो."

त्यांनी हातातली पिशवी खुंटीला अडकवली.

"अगं, माझं नाव लिहिलंस?"

"तुम्ही हजर होतात," त्या म्हणाल्या.

तो ओरडला नाही. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्याने पिशवीत दोन सदरे भरले. दुपारच्या गाडीने तो बहिणीच्या गावी गेला. दारात एवढंच म्हणाला, "आता बाकीच्यांना सांग."

त्या सांगायला निघाल्या. पहिलं दार गवंड्याचं. त्याची बायको निवडायला काहीच नसलेलं सूप पुढ्यात घेऊन बसली होती.

"तुमच्या यजमानांचं नाव मी दिलं," खोडबाई म्हणाल्या. "मला ठाऊक नव्हतं. पण दिलं मीच."

बाईने सूप बाजूला ठेवलं. "वहिनी, त्यांनी हसत हसत लिहायला सांगितलं होतं तुम्हाला. तेव्हा तुम्हीही हसला होतात." मग ती उठली आणि तिने दार लावून घेतलं, आवाज न करता.

उरलेल्या चार दारांपैकी दोन ठिकाणी ऐकून घेतलं. ती माणसं संध्याकाळच्या आत निघून गेली. तिसऱ्याने वेड्यात काढलं. चौथ्याच्या दाराला आधीच बाहेरून सील लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला. "हे काम मला जमणार नाही."

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "यजमान बरे आहेत ना? बहिणीकडे हवापाणी चांगलं आहे म्हणे."

महिन्याभराने त्यांचंही कार्ड गेलं. नवरा अधूनमधून पत्र लिही. प्रत्येक पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं असे. गवंड्याचा पत्ता लागला नाही. खोडबाई आता स्वतः खडीवर जातात. रांगेत दीडशे माणसं घण घालतात. एक नवी मुलगी, स्वच्छ ओढणी आणि नवी कोरी वही घेऊन, त्यांच्यामधून हिंडते आणि गोड आवाजात विचारते, "काका, एखादं गाणं म्हणा ना."

कोणी मान वर करत नाही. पण एक दिवस टोकाकडच्या एका म्हाताऱ्याला त्या मुलीची दया आली. त्याने घण खाली ठेवला आणि घसा खाकरला. खोडबाई हातातली खडीची पाटी टाकून त्याच्याकडे धावत सुटल्या.