बघितलं तेवढंच लिहायचं

मास्तरकी केलेली दोन माणसं भेटली की चहा गार झालाच म्हणून समजा! ओढ्यावरून परतलेल्या पोरांच्या खिशात बिया, पिसं, खडे सापडतात ना, तसे आमच्याकडं किस्से. कधी साठले कळत नाही.

पन्नास-एक्कावन्न साल. गारगोटीजवळची शाळा, माझ्याकडं चौथी. निबंध म्हटला की पोरं पाठ केलेलंच उतरवायची, मला संताप यायचा. म्हणून पाट्या घेऊन वर्ग ओढ्यावर न्यायला लागलो. नियम दोनच: बघितलं तेवढंच लिहायचं, आणि लिहिताना बोलायचं नाही.

*

पहिल्याच आठवड्यात बंडूनं पाटी माझ्या नाकासमोर धरली. ‘गुरुजींच्या चपलेजवळ साप हाय.’ मी जी उडी मारली, ती थेट ओढ्यात!

“गाढवा, ओरडायचं की रे!”

“लिवताना बोलायचं न्हाय, तुमीच सांगितलं व्हतं की!”

*

हिरा तासभर मुंग्यांच्या रांगेपुढं बसलेली. पाटी कोरी.

“काय गं, एक ओळसुद्धा नाही?”

“अजून पोचल्या न्हाईत, गुर्जी.”

*

हिराचा बाप शाळेत येऊन कडाडला, “रान काय आमच्याकडं न्हाय व्हय? पोरगी शाळंत घातली ती मुंग्या राखाय?” त्यानं वरपर्यंत अर्ज केला.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. “डेप्युटीसाहेब तपासणीला येतायत. पोरांना निबंध आला नाही, तर तुमची नोकरी माझ्या हातात नाही.”

घरी बायको, दोन लेकरं. गपगुमान ‘गाय’ पाठ करून घ्यावी, असं शंभरदा वाटलं. नाही घेतली.

*

साहेब आले. हिराचा बाप दारातच उभा. साहेबांनी फळ्यावर विषय लिहिला: समुद्र.

एक पेन्सिल हलेना! हेडमास्तर माझ्याकडं बघायला लागले.

“लिहीत का नाही?” साहेब गरजले.

हिरा उठली. “समुद्र बघितला न्हाय, साहेब. बघितलं तेवढंच लिवायचं.”



“असं? मग आत्ता काय बघितलंस ते लिही.”

पेन्सिल खरखर चालली. साहेबांनी पाटी घेतली, मनात वाचली. मग मोठ्यानं वाचली.

‘साहेब आले. गुरुजींच्या हातातला खडू मोडला. गुरुजी तांब्यातनं दोनदा पाणी प्याले. तांब्यात पाणी नव्हतं.’

साहेबांनी टेबलावरचा तांब्या उचलून पालथा केला. थेंब नाही.

“हेडमास्तर,” ते म्हणाले, “आधी गुरुजींना पाणी द्या. आणि ही पाटी कुणी पुसू नका.”

तांब्या घेऊन आडाकडं पळाला, तो हिराचा बाप!