उशाचे दगड

सुकराम काही गोड माणूस नव्हता, आणि रानही त्याच्याशी कधी गोड वागलं नाही. अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला त्याने झाडं तोडून शेत काढलं तेव्हा आसपास दुसरं घर नव्हतं. पहिल्याच वर्षी अस्वलाने त्याच्या धाकट्या भावाचा, दिवाल्याचा, चेहरा ओरबाडून काढला. सुकरामने कुऱ्हाडीने त्या अस्वलाला मारलं, आणि ते मेल्यावरही तो घाव घालतच राहिला. दिवाल्याला शेताच्या कोपऱ्यात मोहाखाली पुरलं. पुढे म्हातारा बाप तिथेच गेला, तापाने दोन लेकरं गेली. प्रत्येकाच्या उशाला एकेक उभा दगड, त्याला शेंदूर. सणाला बायको फुलीबाई तिथे मोहाच्या दारूची धार सोडायची. सुकराम मात्र तिकडे फिरकेना. शेतातले धोंडे वेचून वेचून नाल्यात लोटण्यात त्याचा जन्म चालला होता; दर पुरात ते वाहून जायचे. कोपऱ्यात घाणेरीची काटेरी झुडपं माजली.

मातीचा बांध एका जागी दर पावसाळ्यात फुटायचा. एका साली निम्मं पीक वाहून गेलं. तिथे मोठे दगड हवे होते आणि शेतात एक शिल्लक नव्हता. सुकराम घाणेरीत शिरला आणि पहारीने उशाचे चारही दगड उपटले. फुलीबाई आडवी आली, तर तिला ढकलून पाडलं. मेलेल्यांना कुठे ज्वारी खायचीय, असं वर म्हणाला. बांध टिकला. पण फुलीबाईने त्यावर कधी पाय ठेवला नाही. पलीकडे जायचं तर ती लांबून वळसा घाली.

मग खालच्या गावच्या भिला नावाच्या माणसाने शेजारचं शेत घेतलं आणि दर नांगरटीला तो बांध कोरू लागला. एका उन्हाळ्यात तर माणसं घेऊन आला आणि दगडच उचकटायला लागला. सुकराम आणि त्याचा उरलेला एकुलता मुलगा, दिलवरसिंग, धावत गेले. हे दगड आमचे आहेत, असं सुकराम ओरडला. भिला हसला.

"धोंडासवर काय तुन्हं नाव लिखेल शे का?"

दिलवरसिंगने त्याची मानगूट धरली. मागून एकाने बांधातला दगड उचलला आणि पोराच्या डोक्यात घातला. कवटी फुटल्याचा आवाज सुकरामने ऐकला. त्याची कुऱ्हाड भिलाच्या खांद्यात इतकी खोल गेली की ओढून काढताना छातीवर पाय द्यावा लागला. बाकीचे भिलाला फरफटत घेऊन पळाले.

पोलीस येणार हे सुकरामला ठाऊक होतं. त्याआधी पोराला पुरायचं होतं. मोहाखाली खणताना पहार हाडांना लागली. कोणाची ते कळेना. खुणा त्यानेच उपटल्या होत्या. दुसरीकडे खणलं, तिथेही हाडं. शेवटी कडेला मोकळी जागा सापडली. पोराला मातीआड करून तो बांधाकडे गेला आणि एकेक दगड छातीशी धरून परत आणू लागला. बांध ढासळला, तरी थांबला नाही.

कोणाचा कुठला, ते फुलीबाईला पाठ होतं. ती हात लावून सांगत गेली, तो उभे करत गेला. रक्ताने माखलेला दगड सुकरामच्या बापाचा निघाला. सुकराम त्याला मिठी मारून लहान मुलासारखा रडला.

चार दगड उभे राहिले. पोलीस आले तेव्हा तो दिलवरसिंगसाठी पाचवा शोधत शेतभर हिंडत होता. पण वीस वर्षं राबून त्याने शेत इतकं स्वच्छ केलं होतं, की त्याला एकही मिळाला नाही.