खंडेनवमीचा लॅपटॉप

मी रेल्वेत सिग्नल इंजिनिअर आहे. बिघाड शोधणं हा माझा व्यवसाय आणि बिघाड करणं हा माझा छंद, असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणजे मेधाचं मत आहे.

आम्ही मूळचे सातारचे, पण गेली बावीस वर्षं लखनौला आलमबागेत राहतोय. त्यामुळे खंडेनवमीची पूजा मी जरा जोरातच करतो. (सातारला असताना कधी केली नव्हती. इथे शेजारी कौतुकाने बघायला येतात!) त्या वर्षी पाटावर माझा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, मेधाची विळी आणि आमच्या सईचा लॅपटॉप मांडला. पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, हा आमच्या घरचा कडक नियम. विळीही पाटावर, म्हणून जेवायला नाक्यावरून पुरी-सब्जी आली.

सईचा नोकरीसाठी पहिलाच इंटरव्ह्यू दोन दिवसांनी, दुपारी तीनला, ऑनलाइन होता. महिनाभर पोरीने डोकं वर काढलं नव्हतं. म्हणून मी लॅपटॉप उघडून ठेवला, हळदकुंकू, झेंडूचं फूल वाहिलं आणि वर एक मूठ जास्तीच्या अक्षता टाकल्या. बापाचं काळीज!

दसरा गेला. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी सईची हाक आली, "पापा, स्क्रीन एकदम डिम हो गई है!"

"घाबरू नकोस. मी आहे," मी म्हणालो. मेधाच्या चेहऱ्यावर तेव्हाच काळजी दिसली.

मी पद्धतशीर तपास सुरू केला. स्क्रीनवरची ब्राइटनेसची पट्टी वर सरकवली. ती आपोआप सरसर खाली आली. पुन्हा वर नेली, पुन्हा खाली! लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. मग टॉर्च मारला तर चित्र अंधूक का होईना, दिसत होतं.

"बॅकलाइट गेला," मी निकाल दिला. "मागची केबल सैल असणार."

"टीव्हीला जोडून बघा ना," मेधा म्हणाली. जोडला. टीव्हीवर लख्ख चित्र!

"झालं तर मग!" मेधा सईला म्हणाली. "टीव्हीवरच दे इंटरव्ह्यू."

"मम्मी, कैमरा तो लैपटॉप में है ना! मैं टीवी देखूँगी तो उनको सिर्फ़ मेरा कान दिखेगा!"

तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर काढला. "अहो, नको," मेधा म्हणाली. "पापा, प्लीज़," सई म्हणाली. मी दहा स्क्रू काढले, केबल म्हणून जे जे दिसलं ते ते दाबून पाहिलं आणि नऊ स्क्रू परत लावले. आता स्क्रीन अंधूक नव्हती. आता लॅपटॉप चालूच होत नव्हता!

सई नुसती घड्याळाकडे बघत बसली आणि तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वाजता आम्ही बाप-लेक ई-रिक्षाने बाजारातल्या शकीलभाईंच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पोचलो. साठीचे, पांढऱ्या दाढीचे, अत्यंत अदबशीर गृहस्थ. लॅपटॉप उलटा करून ते हळुवारपणे म्हणाले, "हुज़ूर, गुस्ताख़ी माफ़, इसे खोला किसने था?"

"घर में किसी ने..." मी म्हणालो.

"पापा ने," सई म्हणाली.

त्यांनी मी उपटलेली बॅटरीची वायर जोडली. लॅपटॉप सुरू झाला, पुन्हा अंधूक. त्यांनी एकदाच पट्टी वर नेली, ती खाली येताना पाहिली आणि स्क्रीनकडे पुन्हा ढुंकूनही न बघता कीबोर्डवर वाकले. ब्राइटनेस कमी करायचं बटण चिमट्याने अलगद उचललं आणि त्याखालून एक लालभडक तांदळाचा दाणा बाहेर काढला. कुंकवाने चिकटून बसलेला तो दाणा तेवढं एकच बटण सकाळपासून दाबून धरत होता.

"ये क्या है, जनाब?"

मी खंडेनवमी, शस्त्रपूजा, अक्षता, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माशाअल्लाह, दुआ में आपने कोई कसर नहीं छोड़ी। बस, ज़रा अंदर तक चली गई।"

स्क्रीन झगझगीत झाली, पण घड्याळात अडीच वाजले होते. "बिटिया यहीं बैठ जाए," म्हणत शकीलभाईंनी टेबल मोकळं केलं आणि शटर अर्धं ओढलं. मी बाहेर उभा राहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना तोंडावर बोट ठेवून थोपवत होतो.

पावणेचारला सई हसत बाहेर आली. "पापा, उन्होंने पूछा कि हाल में कौन-सी प्रॉब्लम नज़दीक से देखी।"

"मग तू काय सांगितलंस?"

"आपका नाम!"

नोकरी लागली. मला इतका आनंद झाला की शकीलभाईंना पेढे द्यायला मी स्वतः धावत गेलो.

घरी आल्यावर पाहतो तर माझा स्क्रूड्रायव्हर देवघरात, हळदकुंकू लावलेला! "पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं ना?" मेधाने गोड आवाजात विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला पुन्हा फूल वाहिलं. तिसऱ्या दिवशीही.

तेव्हापासून आमच्याकडे रोज खंडेनवमी असते, आणि घरातली एकही वस्तू बिघडलेली नाही.