तिसरा कप्पा

मीटर दुरुस्त करणारे काका घरीच कप्प्यांच्या पेटीत अंडी उबवत. "तिसरा कप्पा गार लागतोय हो," काकू सकाळपासून सांगत होत्या. काका पडद्यावरचा तापमानाचा आकडा दाखवून त्यांना गप्प करत. दुपारी त्यांनी स्वतः हात घातला आणि चरकलेच.

तपासून ते म्हणाले, "यंत्र एकेका कप्प्याचं तापमान आळीपाळीनं मोजतं. या सेन्सरचा रोध जास्त आहे. त्याचं व्होल्टेज सावकाश चढतं. यंत्र तेवढं थांबतच नाही, म्हणून आधीच्या कप्प्याचाच आकडा याच्या नावावर खपवतं."

"म्हणजे बिचाऱ्याचं कुणी पुरतं ऐकूनच घेत नाही. माझ्यासारखंच!"

काकांनी यंत्राला प्रत्येक सेन्सरपाशी जास्त वेळ थांबायला लावलं, त्या कप्प्याचा ऊब देणारा दिवा वाढवला आणि काकूंपुढे स्टूल ओढून बसले. "बोल. आता मीही थांबतो."

बऱ्याच वेळानं पेटीवर वाकलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "आतून टकटक होतेय. कान लावा."