शेंदराच्या आत
बडनेऱ्यात आमच्या गल्लीतल्या मारुतीला दर शनिवारी शेंदूर लावणारे एक काका आहेत. लावताना ते मूर्तीलाच दटावतात, "हालू नोको, देवा."

गेल्या महिन्यात शेंदराचा जुना जाड थर निखळला आणि आत चक्क सोंड दिसली. तिथे आम्ही दोघेच होतो.

"काका, हा तर गणपती!"

त्यांनी घाईघाईनं तेलात शेंदूर कालवला. "लोकायनं मारुती म्हणून हाक मारली, यानं ओ देल्ली. तुमी काहून इचार करून राहिले?"

सोंड पुन्हा बुजली. तेव्हापासून हात जोडले, की कोणतं स्तोत्र म्हणावं तेच मला कळत नाही. काकांना मात्र काही पडलेलं नाही, असं वाटायचं.

काल त्यांनी घातलेली रुईची माळ सरळ करायला गेलो, तर पानांमागे दुर्वांची जुडी खोचलेली होती.